नोड्रॉ, क्लिप, हिंट, स्किप : हॅमरमध्ये एक छोटा मॅप बांधताना

हॅमर हा गेमचे मॅप, म्हणजे खेळायच्या जागा, बांधायचा एडिटर. त्याच्या टेक्स्चर ब्राउझरमध्ये, म्हणजे पृष्ठभागांना लावायच्या चित्रांच्या यादीत, ‘टूल्स’ असं शोधलं की भडक रंगाचे, वर नाव छापलेले चौकोन समोर येतात. भिंतीला लावायला ते नाहीतच. शिंपी कापडावर खडूने रेघा मारतो, त्या कात्रीसाठी असतात. शिवलेल्या सदऱ्यावर त्या कुणाला दिसत नाहीत. टूल टेक्स्चर ही त्याच जातीची खूण आहे. कंपायलर, म्हणजे बांधलेल्या मॅपला खेळता येईल असं रूप देणारे प्रोग्राम, ती वाचतो, तसं वागतो, आणि खेळणाऱ्याला तिचा पत्ता लागत नाही.

हा अनुभव व्हॉल्व्ह कंपनीच्या सोर्स या गेम इंजिनच्या हॅमरचा आहे, म्हणजे २००४ मध्ये हाफ-लाइफ २ बरोबर आलेल्या पिढीचा. कल्पना मात्र त्याहून जुनी. बेन मॉरिसने १९९६ मध्ये क्वेकसाठी केलेलं वर्ल्डक्राफ्ट हा एडिटर व्हॉल्व्हने घेतला आणि पुढे तोच हॅमर झाला. अदृश्य क्लिप क्वेकच्या मॅपमध्येही होती. क्वेक ३ च्या एडिटरमध्ये जे ‘कॉल्क’, ते इथे साधारण ‘नोड्रॉ’.

सरावासाठी मुद्दाम लहान मॅप घेतला: दोन खोल्या, त्यांना जोडणारा काटकोनात वळणारा बोळ, एका खोलीत वर सज्जावर जाणारा जिना, आणि बाहेर एक अंगण, मधोमध आडव्या भिंतीने दोन भागांत तोडलेलं. टूल टेक्स्चरची बहुतेक दुखणी एवढ्या जागेत भेटतात.

सुरुवातीला एक सवय लावून घ्या. प्रत्येक टूल टेक्स्चरला चार प्रश्न विचारायचे: ते चितारलं जातं का, खेळाडूला अडवतं का, प्रकाश अडवतं का, आणि दृश्यतेच्या हिशोबात भिंत म्हणून धरलं जातं का? नवशिक्यांचा गोंधळ होतो तो ‘अदृश्य’ या एका शब्दात चारही उत्तरं आली असं समजल्यामुळे.

पिवळा चौकोन

नोड्रॉ पिवळं असतं. त्याची उत्तरं अशी: चितारत नाही, पण घट्ट आहे, प्रकाश अडवतं आणि मॅप सीलही करतं, म्हणजे बाहेरच्या पोकळीपासून बंद करतं. म्हणजे ती खरीखुरी भिंत आहे, फक्त रंग न दिलेली. म्हणून ब्लॉक टूलने ब्रश, म्हणजे बांधकामाचा ठोकळा, ओढायच्या आधीच चालू टेक्स्चर नोड्रॉ ठेवायचं, सगळं बांधकाम पिवळं करायचं, आणि मग शिफ्ट+ए दाबून फेस एडिटमध्ये (ब्रशच्या एकेका बाजूचं टेक्स्चर बदलायची खिडकी) खेळाडूला दिसणाऱ्या बाजूच तेवढ्या रंगवायच्या. उलट क्रमाने, म्हणजे आधी सगळं विटांचं करून नंतर न दिसणाऱ्या बाजू शोधत बसणं, हे काम कधीच पुरं होत नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. खोलीच्या भिंतींच्या बाहेरच्या, पोकळीकडे तोंड केलेल्या बाजूंना नोड्रॉ लावून खेळाचा वेग वाढत नाही. मॅप सील असेल तर व्हीबीएसपी (कंपायलरचा पहिला, भूमिती मांडणारा भाग) त्या बाजू स्वतःच फेकून देतो. नोड्रॉची खरी कमाई वेगळ्या ठिकाणी आहे. दारं, लिफ्ट अशा एंटिटी (खेळात काही काम करणाऱ्या वस्तू) केलेल्या ब्रशच्या झाकलेल्या बाजू कंपायलर काढत नाही. फंक_डिटेलच्या (दृश्यतेच्या हिशोबातून वगळलेले बारीक ब्रश) खाली दबलेली जमीनही तो कापत नाही, कारण डिटेल ब्रश जगाच्या, म्हणजे कुठल्याही एंटिटीला न बांधलेल्या, ब्रशला कापत नाहीत. आणि उंच कठड्याची वरची बाजू, जिथे खेळाडूची नजर कधी पोचणारच नाही, तीही चितारली जाते, तिला लाइटमॅपही (तिच्यावरच्या प्रकाशाची आधीच मोजलेली नोंद) मिळतो. या तीन ठिकाणी हाताने पिवळं करा.

चूक झाली की ती लगेच दिसते. दिसणारी बाजू नोड्रॉ राहिली तर तिथे मागच्या फ्रेमची चित्रं एकावर एक सारवल्यासारखी दिसतात, आरशांच्या दालनासारखी. हा दोष पकडायला सोपा. अवघड दोष सावलीचा. अंगणाच्या माथ्यावर आकाशाच्या जागी एखादा ब्रश चुकून नोड्रॉ राहिला, तर वर पाहिल्यावर विचित्र काही दिसेल न दिसेल, पण अंगणात एक काटेकोर चौकोनी सावली पडलेली असते. सूर्यप्रकाश, म्हणजे लाइट_एन्व्हायर्नमेंट, फक्त स्कायबॉक्स, म्हणजे आकाशाच्या, टेक्स्चरच्या बाजूंतूनच आत येतो. नोड्रॉ त्याला भिंतच आहे.

आकाश आणि गळती

पहिला कंपाइल केला की व्हीबीएसपीच्या लॉगमध्ये ‘लीक्ड’ हा शब्द शोधायचा. मॅपला कुठेही भोक असेल तर पोर्टल फाइल (मोकळ्या जागा एकमेकींना कुठे जोडल्या आहेत याची नोंद) तयार होत नाही, आणि ती नसेल तर व्हीव्हिसला (कुठून काय दिसतं ते मोजणारा भाग) करायला काहीच उरत नाही. मग खेळात सगळा मॅप एकदम चितारला जातो. हॅमरच्या मॅप मेनूत ‘लोड पॉइंटफाइल’ केलं की एक लाल रेघ एखाद्या एंटिटीपासून निघून भोकातून बाहेर जाते. तिचा माग काढा.

भोक बुजवायचा आळशी उपाय सगळ्यांनाच सुचतो: पूर्ण मॅपभोवती आकाशाचा एक मोठा पोकळ डबा. गळती थांबते, हे खरं. पण आता खोल्यांच्या बाहेरच्या बाजू पोकळीकडे नाही, आकाशाकडे तोंड करून आहेत. त्या कुणी फेकत नाही. त्यांना लाइटमॅप मिळतात, व्हीरॅडचा (प्रकाश मोजणारा भाग) वेळ वाढतो, आणि डब्यातल्या मोकळ्या हवेतून सगळं सगळ्याला दिसतं असा व्हीव्हिसचा समज होतो. आकाश फक्त अंगणाच्या माथ्यावर आणि जिथे भिंतीच्या वरून खरंच आभाळ दिसायला हवं तिथेच, पातळ पत्र्यासारखं. खोल्यांना त्यांचं स्वतःचं छत.

अंगणात मातीचा उंचवटा डिस्प्लेसमेंटने, म्हणजे ब्रशची बाजू खाली-वर ओढून, केला होता. डिस्प्लेसमेंट मॅप सील करत नाही आणि दृश्यही अडवत नाही. ज्या ब्रशची एक बाजू डिस्प्लेसमेंट झाली, त्या ब्रशच्या उरलेल्या बाजू कंपाइलमध्ये राहत नाहीत. म्हणून उंचवट्याखाली नोड्रॉचा सपाट ब्रश घालावाच लागतो. प्रॉप_स्टॅटिक, म्हणजे जागेवर स्थिर असलेल्या तयार मॉडेललाही हाच नियम: मॉडेलचं घर कितीही भक्कम दिसो, गळतीच्या हिशोबात ते नाहीच.

जिना आणि क्लिप

क्लिपचे तीन मुख्य प्रकार. प्लेअरक्लिप फक्त खेळाडूला अडवतो, एनपीसीक्लिप फक्त संगणकाच्या पात्रांना, आणि नुसता क्लिप दोघांना. गोळ्या, फेकलेल्या वस्तू आणि प्रकाश तिघांतूनही आरपार जातात. दृश्यतेच्या हिशोबात क्लिप म्हणजे हवा.

जिन्याला १६ पायऱ्या घेतल्या: प्रत्येक ८ युनिट (हॅमरचं अंतराचं माप) उंच, १२ युनिट खोल. एकूण चढ १२८, लांबी १९२. सोर्समधला खेळाडू १८ युनिटपर्यंतची पायरी उडी न मारता चढतो, त्यामुळे क्लिप नसताही हा जिना चालतोच. पण प्रत्येक पायरीला बारीक धक्का बसतो. इंजिन तो बराचसा सावरून घेतं, तरी उलट पावली उतरताना किंवा कडेने घासत जाताना तो जाणवतोच. त्यावर उपाय म्हणजे पायऱ्यांवर प्लेअरक्लिपची तिरपी पाचर.

ही पाचर नेमकी कुठे सुरू करायची, यात हमखास चूक होते. पहिल्या पायरीच्या पायथ्याशी सुरू केली तर तिचा उतार पायऱ्यांच्या कडांच्या खाली जातो, कडा वर डोकावतात, आणि पाचर असून नसल्यासारखी. उताराची रेघ सगळ्या कडांना स्पर्श करून जायला हवी. पहिली कड ८ उंचीवर आहे आणि उतार १२ ला ८ असा. म्हणजे रेघ जमिनीला भिडते ती पहिल्या पायरीच्या अलीकडे बरोबर १२ युनिटवर. तिथून शेवटच्या पायरीच्या कडेपर्यंत आडवं अंतर १९२ भरतं. हे गणित एकदा पटलं की कुठल्याही जिन्याला लागू: पाचर एक पायरी आधी सुरू आणि वरच्या पायरीच्या कडेला संपते.

उताराला मर्यादा आहे. पृष्ठभागाच्या लंबाचा उभा घटक ०.७ पेक्षा कमी झाला की खेळाडू त्यावर उभा राहत नाही, घसरतो. हा कोन साधारण ४५.६ अंशांचा. आपला जिना ३४ अंशांच्या आत आहे, तेव्हा चिंता नाही. ८ बाय ८ च्या पायऱ्या केल्या तर बरोबर ४५ अंश होतात, म्हणजे अगदी काठावर. तसा जिना करूच नये.

पायऱ्यांवर गोळीचा ओरखडा मात्र पायरीवरच उमटतो, टाकलेला बाँबही पायऱ्यांवरून टप्पे खात उतरतो, कारण प्लेअरक्लिप त्यांना अडवत नाही. जिन्यावरून पात्रंही जाणार असतील तर पाचर नुसत्या क्लिपची करा.

सज्जाच्या कठड्याला, खिडकीच्या बाहेर आलेल्या तळपट्टीला, भिंतीतल्या पाइपांना तोच उपचार: भिंतीशी सपाट प्लेअरक्लिप, म्हणजे पळताना खांदा अडकत नाही. दाराच्या पुढे आलेल्या चौकटीला ४५ अंशांची छोटी पाचर. पण क्लिप हवेत मध्येच संपवू नका. कठड्यावर ६४ युनिट उंचीचा क्लिप उभा करून सोडला तर त्याचा माथा म्हणजे एक अदृश्य फळी. कुणीतरी उडी मारून तिच्यावर उभं राहणार, आणि काउंटर-स्ट्राइकसारख्या खेळात तिथून समोरच्याला टिपणार. क्लिप थेट छतापर्यंत किंवा आकाशाच्या ब्रशपर्यंत न्या. ब्रशला त्यात काही खर्च नाही.

एका ब्रशवर दोन स्वभाव मिसळू नका. क्लिपच्या ब्रशची एक बाजू नोड्रॉ राहिली की व्हीबीएसपी ‘मिक्स्ड फेस कंटेंट्स’ अशी तक्रार करतो. कंपाइल थांबत नाही, म्हणून लोक ती वाचत नाहीत, आणि मग गोळ्या अडवणारी अदृश्य भिंत कुठून आली हे शोधत बसतात. तक्रारीत ब्रशचा क्रमांक असतो. हॅमरमध्ये क्रमांकाने ब्रशवर जाता येतं.

बोळाचं वळण : हिंट आणि स्किप

आता खरा रस असलेला भाग. व्हीबीएसपी मोकळ्या जागेचे तुकडे करतो, त्यांना लीफ म्हणतात. व्हीव्हिस प्रत्येक लीफसाठी ठरवतो की त्यातून दुसरी कुठली लीफ दिसतात. कसोटी कडक आहे: या लीफमधल्या कुठल्याही एका बिंदूपासून त्या लीफमधला कुठलाही एक बिंदू दिसत असेल, तर पूर्ण लीफ दिसतं असं धरलं जातं. खेळाडू लीफमध्ये नेमका कुठे उभा आहे याला किंमत नाही.

त्याआधी एक पथ्य. खांब, पायऱ्या, कठडे, चौकटी हे सगळं फंक_डिटेल करून घ्या. ब्रश निवडा, कंट्रोल+टी, यादीतून फंक_डिटेल. नाहीतर प्रत्येक पायरी लीफ चिरते, पोर्टल वाढतात, आणि व्हीव्हिस तासन्‌तास आकडे मोजत बसतो. डिटेल न करता हिंट (लीफ कुठे चिरायचं ते सांगणारं टेक्स्चर) लावणं म्हणजे पसाऱ्यात आणखी भर.

बोळ १२८ युनिट रुंद, वळणापासून दोन्ही बाहू ५१२ लांब, दोन्ही टोकांना खोल्या. वळणाचा चौक व्हीबीएसपी कुठल्यातरी एका बाहूला जोडून टाकतो. समजा पहिल्याला जोडला. त्या लीफमध्ये वळणाचा बाहेरचा कोपराही आला, आणि तिथून दुसरा बाहू शेवटपर्यंत व पलीकडची खोली सरळ दिसते. परिणाम: खेळाडू पहिल्या बाहूच्या पार तोंडाशी असला तरी दुसरी खोली चितारली जाते.

इथे बरेच जण वळणावर आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपा हिंट लावतात आणि निश्चिंत होतात. एकट्या त्या हिंटने हे दुखणं जात नाही. तिरप्या रेघेच्या अलीकडच्या त्रिकोणातही बाहेरच्या कोपऱ्यालगतचा भाग राहतोच, आणि तो त्रिकोण पहिल्या बाहूच्या लीफला चिकटलेला असतो. चौक स्वतंत्र कापला तरी पुरत नाही. चौकाच्या उंबऱ्याशी, बाहेरच्या भिंतीलगत उभं राहून पाहा, आतल्या कोपऱ्याला घासून जाणारी नजर दुसऱ्या बाहूत खोलवर जाते.

कापायचं ते वळणाच्या अलीकडे. आतला कोपरा ही खूण धरा. पहिल्या बाहूत चौकापासून अ अंतर मागे, बाहेरच्या भिंतीलगतच्या बिंदूपासून निघालेली नजर आतल्या कोपऱ्याला स्पर्शून दुसऱ्या बाहूत १२८ गुणिले १२८ भागिले अ एवढीच खोल जाते. अ म्हणजे १२८ घेतला तर खोली १२८. थोडी सोय म्हणून १६० घेतला तर जेमतेम १०२. म्हणजे दोन्ही बाहूंत वळणापासून १६० युनिटवर एकेक आडवा काप दिला की अलीकडच्या लीफमधून पलीकडचं लीफ दिसण्याची शक्यताच संपते, आणि दुसरी खोली आपोआप बाद होते.

काप द्यायची कृती: बोळ भरून, भिंतीपासून भिंतीपर्यंत आणि जमिनीपासून छतापर्यंत, १६ युनिट जाडीचा ब्रश. ग्रिडवरच. सगळ्या बाजूंना स्किप. मग फेस एडिटमध्ये जिथे काप हवा तेवढ्या एकाच बाजूला हिंट. हिंट म्हणजे ‘इथे चिर’, स्किप म्हणजे ‘ही बाजू विसर’. स्किपच्या जागी सवयीने नोड्रॉ लावला तर बोळात अदृश्य भिंत उभी राहते. आणि सहाही बाजूंना हिंट लावला तर एका कापाऐवजी फुकटचे जादा काप पडतात. हिंटचा ब्रश कुठल्याही एंटिटीला बांधू नका, तो जगाचाच राहू द्या.

अंगणात हिंट आडवा लागतो. मधली भिंत १९२ उंच, आकाश ५१२ वर. भिंतीच्या एका बाजूचं लीफ जमिनीपासून आकाशापर्यंत असेल तर त्याच्या वरच्या भागातून भिंतीपलीकडचं सगळं दिसतं. अंगणभर एक ब्रश, त्याची खालची बाजू नेमकी १९२ वर, तिला हिंट, बाकी स्किप. आता खालची लीफ १९२ च्या आत आहेत. १९२ खालच्या एका बिंदूपासून १९२ खालच्या दुसऱ्या बिंदूपर्यंतची सरळ रेघ १९२ च्या वर जाऊच शकत नाही, आणि मध्ये भिंत आहे. हिशोब इतका साधा. फक्त ती भिंत फंक_डिटेल नसली पाहिजे, नाहीतर व्हीव्हिसला ती दिसतच नाही.

तसंही, व्हीबीएसपी जगाला १०२४ युनिटच्या जाळीवर आपणहून चिरतो. बांधकाम त्या जाळीशी थोडं जुळवून घेतलं तर काही हिंट वाचतात. आणि प्रत्येक हिंट पोर्टल वाढवतो. लॉगमधला पोर्टलांचा आकडा दर वेळी पाहत जा. हिंट लावल्यावर आकडा चढला पण खेळात काहीच कमी चितारलं जात नसेल, तर तो हिंट काढून टाका.

दाराशी एरियापोर्टल

दुसऱ्या खोलीचं दार ६४ रुंद, ११२ उंच. चौकटीच्या मधोमध, ती पोकळी पूर्ण भरणारा ८ युनिट जाडीचा ब्रश, सर्व बाजूंना एरियापोर्टल टेक्स्चर, कंट्रोल+टी, फंक_एरियापोर्टल. ‘लिंक्ड डोअर’ या रकान्यात दाराचं नाव. दार बंद असेतो पलीकडचं काहीच चितारलं जात नाही. उघडलं की पडद्यावर दाराची चौकट जेवढी दिसते तेवढ्यापुरतंच.

चूक जवळजवळ नेहमी एकच. व्हीबीएसपी सांगतो की एरियापोर्टल ब्रश दोन एरियांना टेकत नाही. कारण दोन खोल्यांमध्ये आणखी एखादी वाट शिल्लक असते: उघडी खिडकी, झरोका, किंवा चौकट फंक_डिटेल केल्यामुळे कडेला राहिलेली फट. चौकटीमागे जगाचा ब्रश हवा, आणि प्रत्येक उघड्या वाटेला आपापला एरियापोर्टल. डिस्प्लेसमेंटला टेकवून तो सील होत नाही. दर फ्रेमला त्याचा थोडा खर्च आहे, म्हणून जिथे पलीकडे खरंच जड दृश्य आहे तिथेच लावा. कोठीच्या दाराला लावून काही मिळत नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. ट्रिगरचं नारिंगी टेक्स्चर मुख्यतः आपल्या डोळ्यांसाठी. काम करते ती ट्रिगर_मल्टिपल ही एंटिटी, म्हणून ब्रश एंटिटीला बांधायला विसरलात तर काहीच ट्रिगर होत नाही. ब्लॅक हे न उजळणारं शुद्ध काळं आहे, ते दिसतं. खोल झरोक्याच्या तळाशी छान लागतं आणि त्याला लाइटमॅपची गरज नसते. ब्लॉकलाइट फक्त प्रकाश अडवतं, मॉडेलच्या छपराच्या सांध्यांतून ऊन झिरपत असेल तिथे आतून लावा. ऑक्लूडर मॉडेल झाकतो, भिंती नाही, आणि महाग आहे. एवढ्या मॅपला तो नको.

तपासणी

चाचणीचे कंपाइल व्हीव्हिस आणि व्हीरॅड दोन्ही ‘फास्ट’वर चालतील, पण हिंटचा निकाल फास्टवर पाहू नका, तो अंदाजे हिशोब करतो आणि बरंच काही दिसतं असं गृहीत धरतो. पूर्ण व्हीव्हिस चालवून खेळात जा, कन्सोलमध्ये एसव्ही_चीट्स १, मग मॅट_वायरफ्रेम १. पहिल्या बाहूच्या तोंडाशी उभं राहून वळणाकडे पाहा. दुसऱ्या खोलीच्या रेघा तिथे दिसल्या तर काप चुकला. मॅट_लीफव्हिस १ ने आपण उभे आहोत त्या लीफची चौकट दिसते, त्यावरून काप नेमका कुठे पडला ते कळतं. आर_लॉकपीव्हीएस १ देऊन नोक्लिपने (भिंतींतून उडत जाऊ देणारी चीट) वर उडालात तर त्या जागेवरून इंजिन काय काय चितारत होतं ते वरून पाहता येतं. रिकाम्या काळोखात लटकलेला बोळाचा तुकडा आणि अलीकडची खोली एवढंच दिसायला हवं.

क्लिपसाठी आर_ड्रॉक्लिपब्रशेस १. ते चालू ठेवून जिना एकदा सरळ, एकदा उलट पावली आणि एकदा कठड्याला घासत चढा-उतरा. पाचर आणि सज्जाची जमीन यांच्यात एका युनिटची पायरी राहिली असेल तर ती इथेच सापडते.